कॉन्सर्टिनावाल्यांचे जुने फोटो कसे जमवावेत

कॉन्सर्टिना म्हणजे दोन हातांत धरून वाजवायची छोटी भात्याची पेटी. मधे घड्यांचा भाता, दोन्ही टोकांना बटणं आणि आत हार्मोनियमसारखेच धातूचे सूर. १९व्या शतकात ती इंग्लंड-जर्मनीतून निघाली आणि आयर्लंडच्या स्वयंपाकघरांपासून दक्षिण आफ्रिकेच्या खाणींपर्यंत पोचली. वाद्य स्वस्त, उचलायला सोपं आणि फोटो काढताना मांडीवर ठेवायला सोयीचं. त्यामुळे तिचे वादक जुन्या फोटोंत पुष्कळ सापडतात. ठाण्यात किंवा नवी मुंबईत बसून असा संग्रह सुरू करता येतो. वाद्य वाजवता यायलाच हवं असं नाही. डोळा मात्र तयार हवा, आणि घरात कोरडी जागा हवी.

आधी वाद्य ओळखा, मग फोटो

नवशिक्याचे पैसे बहुतेक इथेच वाया जातात. विक्रेते भात्याच्या कोणत्याही वाद्याला कॉन्सर्टिना म्हणतात आणि खऱ्या कॉन्सर्टिनाला अकॉर्डियन. फरक ओळखायची सोपी खूण अशी: कॉन्सर्टिनाची बटणं भाता ज्या दिशेने उघडतो-मिटतो त्याच दिशेने आत दाबली जातात, म्हणजे ती दोन टोकांच्या सपाट चेहऱ्यांवर असतात. अकॉर्डियनची बटणं किंवा पट्ट्या भात्याशी काटकोनात, पुढच्या बाजूला असतात. शिवाय मोठं अकॉर्डियन खांद्याला अडकवतात.

१८४० आणि ५०च्या दशकांतल्या अमेरिकन फोटोंत एक लांबट चौकोनी, एकाच बाजूला नाजूक पट्ट्या असलेली पेटी वारंवार दिसते. ती फ्रेंच फ्लुटिना. स्टुडिओवाले ती शोभेला ठेवत आणि गिऱ्हाइकाच्या मांडीवर देत. ‘अतिशय जुना कॉन्सर्टिनावादक’ म्हणून चढ्या भावात विकायला आलेलं चित्र फ्लुटिनाचं निघणं ही नेहमीची गोष्ट आहे.

खऱ्या कॉन्सर्टिनातही घराणी आहेत, आणि संग्रहाची खरी मजा ती ओळखण्यात आहे.

इंग्लिश पद्धत चार्ल्स व्हीटस्टनची. तिचं मूळ त्याच्या १८२९च्या पेटंटात आहे. षट्कोनी टोकं, साधारण ४८ बटणं, प्रत्येक टोकावर चार उभ्या ओळी. तळहातावर पट्टा नसतो. अंगठा एका छोट्या चामडी कडीत जातो आणि करंगळी धातूच्या टेकूवर विसावते. फोटोत करंगळी अशी वेगळी टेकलेली दिसली, तर वाद्य इंग्लिश पद्धतीचं हे जवळपास नक्की.

जर्मन घराण्याचा आरंभ कार्ल फ्रीडरिश उलिगने १८३४ मध्ये केम्निट्झ गावात केला. सुरुवातीची वाद्यं चौकोनी होती. एकच बटण भाता ओढताना एक स्वर देतं, दाबताना दुसरा. हीच कल्पना इंग्रज कारागिरांनी षट्कोनी पेटीत बसवली आणि अँग्लो तयार झाली. तिला २० किंवा ३० बटणं आणि मनगटाच्या अलीकडे, हाताच्या पाठीवरून जाणारा रुंद चामडी पट्टा. उजव्या अंगठ्याजवळ हवा सोडायची एक वेगळी कळ असते. आयर्लंडचा क्लेअर परगणा, इंग्लंडचे मॉरिस लोकनृत्य करणारे नर्तक, दक्षिण आफ्रिकेतले डच वंशाचे बुअर शेतकरी आणि तिथलेच झुलू वादक या सगळ्यांच्या हातात प्रामुख्याने अँग्लो किंवा तिची स्वस्त जर्मन बहीण दिसेल.

ड्युएट प्रकारात डावा हात खर्ज आणि उजवा हात वरचे स्वर सांभाळतो. इथेही हाताला पट्टाच असल्याने फोटोत ती अँग्लोसारखी भासते; बटणं मोजली की उलगडा होतो. एका बाजूला पंधराच्या बरीच वर बटणं दिसली तर ड्युएटचा संशय घ्या. जॉन हिल मॅकॅनचं पेटंट १८८४चं. नंतरची क्रेन पद्धत मुक्तिफौज (सॅल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती संस्थेने ‘ट्रायम्फ’ या नावाने उचलून धरली.

मोठी चौकोनी पेटी गुडघ्यावर आणि भाता लांबवर ताणलेला, असं चित्र असेल तर ते बँडोनिअन किंवा केम्निट्झर. बँडोनिअन हे नाव क्रेफेल्डच्या हाइनरिश बँडवरून आलं. अर्जेंटिना आणि उरुग्वेत ७१ बटणांचं बँडोनिअन टँगोचं वाद्य झालं. केम्निट्झर अमेरिकेच्या शिकागो, विस्कॉन्सिन, मिनेसोटा भागातल्या पोलिश आणि जर्मन वस्त्यांत पोल्का नाचांना वाजे. ही दोन्ही कॉन्सर्टिनाचीच भावंडं. संग्रहात घ्यायची की नाही हे सुरुवातीलाच ठरवा, नाहीतर अर्धा अल्बम टँगोच्या वाद्यवृंदांनीच भरतो.

टोकांचे कोपरेही मोजा. लाशनल कंपनीची बारा कोपऱ्यांची एडिओफोन १८८०च्या दशकाच्या शेवटी आली आणि व्हीटस्टनची आठ कोपऱ्यांची इओला त्यानंतर काही वर्षांनी. बारा कोपरे स्पष्ट दिसत असताना विक्रेता ‘१८७०’ म्हणत असेल, तर तो चुकतो आहे. भाव करताना हे उपयोगी पडतं.

हत्यारं

दहा पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, मिलिमीटरची पट्टी, छोटा चुंबक, ३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी आणि नायट्राइलचे हातमोजे. सुती मोजे नकोत. त्यांनी पकड सुटते आणि त्यांचे धागे कडांना अडकतात. या सगळ्याचा खर्च एका बऱ्या फोटोपेक्षा जास्त होत नाही.

फोटो कोणत्या जातीचा?

कागद, काच की पत्रा, हे आधी बघा. आरशासारखा चमकणारा आणि तिरका धरला की निगेटिव्हसारखा दिसणारा तो डागेरोटाइप, मुख्यतः १८४० आणि ५०च्या दशकांतला. काचेवरचा अँब्रोटाइप १८५०च्या दशकाच्या मध्यापासून. चुंबक चिकटला तर टिनटाइप, म्हणजे काळ्या लाखेच्या लोखंडी पत्र्यावरचं चित्र. हा प्रकार १८५६ पासून थेट २०व्या शतकात जत्रांमधल्या फोटोवाल्यांपर्यंत चालला, त्यामुळे नुसत्या पत्र्यावरून साल सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

टिनटाइप आणि डागेरोटाइप बहुधा डावं-उजवं उलटे असतात. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर यायला हवी. उलट दिसली तर चित्र उलटं आहे. मग अँग्लोची हवेची कळ डाव्या हाताला दिसेल आणि वादक डावखुरा वाटेल. ‘दुर्मिळ डावखुरा वादक’ या शब्दांसाठी जादा पैसे मोजू नका. संगणकावर चित्र आडवं उलटवून बघा आणि मगच बटणं मोजा.

कागदी फोटोंत दोन मापं पाठ असू द्यात. साधारण ६४ × १०० मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला तो कार्त-द-व्हिझित, १८६०च्या दशकात गाजलेला. साधारण १०८ × १६५चा तो कॅबिनेट कार्ड, १८६६ नंतरचा. पातळ पुठ्ठा आणि चौकोनी कोपरे ही आधीची खूण. गोल कोपरे १८७०च्या दशकापासून वाढतात. जाड पुठ्ठा आणि सोनेरी कड त्याही नंतरची. मागे स्टुडिओचा पत्ता छापलेला असतो आणि पुष्कळदा तोच पुढच्या बाजूपेक्षा मोलाचा ठरतो, कारण स्टुडिओ त्या पत्त्यावर कोणत्या काळात होता हे त्या गावाच्या जुन्या व्यापारी सूच्यांत सापडतं. अमेरिकन फोटोच्या मागे महसुली तिकीट चिकटवलेलं असेल तर तो बहुधा सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६ या कर लागू असलेल्या काळात विकला गेला.

नवशिक्याने सुरुवात करावी ती खऱ्या फोटोच्या पोस्टकार्डांपासून. साधारण ९ × १४ सेंटिमीटर, भरपूर उपलब्ध, आणि साल काढायला सगळ्यांत सोपी. ब्रिटनमध्ये मागची बाजू पत्ता आणि मजकूर अशी दुभागली गेली १९०२ मध्ये, अमेरिकेत १ मार्च १९०७ पासून. दुभागलेलं कार्ड त्याआधीचं असू शकत नाही. दुभागलेलं नसलेलं कार्ड मात्र जुना साठा म्हणून नंतरही वापरलेलं असू शकतं. ब्रिटिश पोस्टकार्डाचं टपाल जून १९१८ पर्यंत अर्धा पेनी होतं, नंतर एक पेनी. अमेरिकन कार्डावर तिकिटाच्या चौकटीत ‘अ‍ॅझो’ हा शब्द (फोटोच्या कागदाचा छाप) आणि कोपऱ्यांतले चारही त्रिकोण वर टोक करून असतील तर साधारण १९०४ ते १९१८. दोन वर, दोन खाली असतील तर १९१८ नंतरची दहा-बारा वर्षं.

भिंगाखाली ठिपक्यांच्या शिस्तशीर रांगा दिसल्या तर तो फोटो नव्हे, छापील चित्र. छापील कार्डं संग्रहात ठेवायला हरकत नाही, पण त्यांचा भाव वेगळा. रंगीत फवाऱ्याचे बारीक ठिपके दिसले तर ते आजच्या प्रिंटरचं काम. अंधारात अतिनील बॅटरी मारा. १९५०च्या दशकापासून फोटोच्या कागदात चकाकी आणणारी रसायनं मिसळू लागली आणि असा कागद निळसर उजळतो. १९०५ म्हणून विकलेलं कार्ड असं उजळलं, तर ती नंतरची प्रत.

काय घ्यावं, काय सोडावं

‘सगळ्या देशांचे सगळे वादक’ हा विषय होत नाही. एखादा धागा धरा: आयर्लंडमधल्या बायका, उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांतले गणवेशातले कॉन्सर्टिना बँड, बुअर युद्धाच्या (१८९९–१९०२) छावण्या, आफ्रिकन वादक. मुंबई परिसरात राहणाऱ्याला जवळचा वाटेल असा धागा मुक्तिफौजेचा. फ्रेडरिक टकर आणि त्याचे सहकारी १९ सप्टेंबर १८८२ रोजी मुंबईत उतरले, आणि इथले त्यांचे अधिकारी फेटा-धोतरासारखा देशी वेष करत. रस्त्यावरच्या सभेला हातात मावणारं वाद्य हवं असे, म्हणून या संस्थेच्या जगभरच्या गटचित्रांत कॉन्सर्टिना पुन्हा पुन्हा दिसते. गणवेशाच्या कॉलरवरचं इंग्रजी एस हे अक्षर त्यांची ओळख. मिशनऱ्यांच्या मथळ्यांत वाद्याचा उल्लेख क्वचितच असतो, म्हणून असे फोटो शोधताना प्रत्येक चित्र मोठं करून बघावं लागतं. कष्ट आहेत, पण गर्दी कमी आणि भावही कमी.

निवडीचा आमचा निकष एकच: बोटं आणि बटणांचा चेहरा दिसतो का? वाद्य समोरून धरलेलं, फक्त भाता दिसतोय, असा देखणा फोटो सोडा. एक कोपरा तुटलेला, पण करंगळीचा टेकू स्वच्छ दिसणारा घ्या. बोटं पट्ट्याखाली गेलेलीच नसतील आणि वाद्य फुलदाणीसारखं नुसतं धरलेलं असेल, तर ती स्टुडिओची शोभेची वस्तू समजा. हात किंचित हलल्याने धूसर दिसत असतील तर वाईट वाटून घेऊ नका. सेकंदभराच्या उघडझापीत कोणीतरी खरोखर वाजवत होतं एवढाच त्याचा अर्थ.

आफ्रिकेच्या वसाहतकाळातल्या कार्डांवर वादकाचं नाव नसतं आणि मथळा अनेकदा अपमानकारक असतो. मथळा नोंदीत जसाच्या तसा, अवतरणात उतरवा. त्याखाली स्वतःचं वर्णन लिहा: वाद्य कोणतं, पट्टा कुठे, पोशाख काय. झुलू वादक बटणांचे स्वर आपल्या संगीताला जुळतील असे बदलून घेत, पण ते फोटोत दिसत नाही; तेव्हा फोटोवरून तसं ठोकून देऊ नका.

कुठे शोधायचं

मुख्य बाजार परदेशी संकेतस्थळांवर आहे: ईबे, आणि पोस्टकार्डांसाठी डेलकॅम्प. फक्त इंग्रजी शब्दावर थांबू नका. जर्मनसाठी पहिल्या सीच्या जागी के आणि मधल्या सीच्या जागी झेड टाका. आफ्रिकान्ससाठी के आणि एस. बँडोनिअनचा शेवट जर्मन विक्रेते आय-ओ-एन लिहितात, स्पॅनिश विक्रेते ई-ओ-एन. अकॉर्डियनच्या चुकीच्या स्पेलिंगने, म्हणजे शेवटी आय-ओ-एनऐवजी आय-ए-एन घालून शोधलं, की इतरांच्या नजरेतून सुटलेला माल सापडतो. ‘संगीतकार’, ‘वाद्यवृंद’, ‘मॉरिस’ यांचे इंग्रजी शब्दही आळीपाळीने टाकून पाहा.

प्रत्यक्ष बाजार म्हटलं तर चोर बाजारातली मटण स्ट्रीट. ठाण्याहून मध्य रेल्वेने आणि वाशी-बेलापूरहून हार्बरने, दोघांनाही सँडहर्स्ट रोडला उतरून चालत जाता येतं. तिथे कॉन्सर्टिनाचा फोटो मागितला तर नकारच येईल. पारशी, ईस्ट इंडियन, अँग्लो-इंडियन कुटुंबांचे सुटे फोटो आणि मिशनची पोस्टकार्डं मागा आणि गठ्ठा स्वतः चाळा. पाच-दहा फोटो एकत्र काढून मगच भाव विचारा. एकच फोटो हातात घट्ट धरलात की किंमत तिथेच चढते. अल्बममधून फोटो ओरबाडून काढू देऊ नका. मागचा पुठ्ठा फाटला की स्टुडिओचा पत्ता गेला.

पैसे देण्यापूर्वी

विक्रेत्याकडे चार गोष्टी मागा: मागच्या बाजूचा फोटो, पट्टीसह मोजमाप, तिरक्या उजेडातला एक फोटो (घडी, खरवड आणि दुरुस्ती त्यातच दिसते) आणि वाद्याचा जवळून घेतलेला भाग. मागची बाजू दाखवायला टाळाटाळ झाली तर सोडून द्या.

कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतील तर बँकेच्या अ‍ॅपमधून ते आधी सुरू करा आणि मर्यादा घाला. टपालखर्च अनेकदा पोस्टकार्डाच्या किमतीहून जास्त असतो. म्हणून एकाच विक्रेत्याकडून तीन-चार कार्डं जमेपर्यंत थांबा आणि एकत्र पाठवायला सांगा. पार्सल मागोवा घेता येईल असंच हवं. कुरिअरवाले आधार किंवा पॅन मागतात. कागद तयार ठेवा, नाहीतर पार्सल सीमाशुल्कात अडकून राहतं. ‘भेटवस्तू’ असं लिहायला किंवा किंमत कमी दाखवायला सांगू नका. पार्सल तपासणीत उघडलं गेलं तर अडचण तुमची, आणि वाटेत हरवलं तर भरपाई त्या कमी किमतीचीच.

बांधणी स्पष्ट सांगा: फोटो प्लास्टिकच्या पाकिटात, दोन्ही बाजूंना फोटोपेक्षा दोन सेंटिमीटर मोठे कडक पुठ्ठे, पुठ्ठ्यांच्या पन्हळी एकमेकींना आडव्या, बाहेरून पाणी न शिरणारी पिशवी. चिकटपट्टी फोटोच्या पाकिटाला लावायची नाही. घाईत उघडताना तीच फोटोला चिकटते. काचेचा अँब्रोटाइप लिफाफ्यात पाठवणाऱ्याकडून काही घेऊ नका, त्याला खोकंच हवं.

पावसाळा आणि घर

खाडीकाठच्या शहरात जून ते सप्टेंबर हवेत सतत ओल असते. फोटोच्या जिलेटिनला बुरशी धरते, टिनटाइप गंजतो आणि पुठ्ठ्याची खळ कसर खाते. जागा निवडताना तीन ठिकाणं बाद करा: बाथरूमवरचा माळा, गच्चीच्या स्लॅबखालचं वरचं कपाट, आणि पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेलं लाकडी कपाट. घोडबंदर रोड असो की सानपाडा, पावसाचा मारा त्याच बाजूने येतो. आतल्या भिंतीजवळचं रंगवलेलं लोखंडी कपाट, मधला खण, मागे चार बोटं मोकळी जागा, हे उत्तम.

पाकिटं पॉलिप्रोपिलीनची किंवा पॉलिएस्टरची घ्या. वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापेच्या बाजूला पॅकिंगचा माल विकणाऱ्यांकडे कपड्यांसाठीच्या पारदर्शक बीओपीपी (पॉलिप्रोपिलीनच्याच) पिशव्या शेकड्यावर मिळतात, त्या चालतात. फक्त चिकट झाकणाची पट्टी आधी कात्रीने कापून टाका, कारण फोटो बाहेर काढताना तो त्या डिंकावरच घासतो. पीव्हीसीची पाकिटं आणि चिकट पानांचे अल्बम पूर्ण वर्ज्य. वास येणारं, मऊ, चिकचिकीत प्लास्टिक म्हणजे बहुधा पीव्हीसी.

पाकिटं उभी, पुठ्ठ्याच्या आधाराने, हवाबंद झाकणाच्या डब्यात ठेवा. दहा लिटरच्या डब्याला साधारण १०० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. नारिंगी दाण्यांचं घ्या, निळ्यात कोबाल्टचं विषारी संयुग असतं. जेल कापडी पुरचुंडीत घाला, फोटोला टेकू देऊ नका. नारिंगी रंग गेला की ओटीजीमध्ये ११०–१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा ३५ ते ४५ टक्क्यांत राखा. जास्त जेल घालून ३० च्या खाली नेलंत तर फोटो वळतात आणि वरचा थर तडकतो. उत्साही नवशिक्यांकडून हे हमखास होतं.

डांबरगोळ्या आणि कापूर डब्यात नकोत. वर्तमानपत्रात गुंडाळणं नको. त्या कागदातलं आम्ल फोटोला पिवळं करतं. एसी चालू असलेल्या खोलीतला डबा बाहेरच्या दमट खोलीत आणलात तर लगेच उघडू नका. गार फोटोवर हवेतली वाफ धरते. झाकण बंद ठेवून तीन-चार तास जाऊ द्या. पावसाळ्यात आलेल्या पार्सलचंही तसंच.

साफसफाई म्हणजे रबरी फुंकणी आणि मऊ केसांचा ब्रश, एवढंच. पाणी, काच पुसायचं औषध, ओला कापूस यांना जवळ करू नका. टिनटाइप पुसला की लाख निघते. डागेरोटाइपची सीलबंद चौकट उघडून चित्राला हात लावला की ते पुसलंच जातं. बुरशी दिसली तर तो फोटो ताबडतोब वेगळ्या डब्यात, जेलसह, पूर्ण सुकेपर्यंत ठेवा. नंतर तोंडावर एन-९५ मास्क लावून, घराबाहेर, हलक्या हाताने झटका. उन्हात वाळवू नका. बुरशी थरात रुतली असेल तर स्वतः काही न करता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्राकडे विचारणा करा.

नोंद

फोटो आला त्याच दिवशी स्कॅन करा, दोन्ही बाजू. पोस्टकार्डाला ६०० डीपीआय, कार्त-द-व्हिझित आणि टिनटाइपला १२००, टिफ स्वरूपात, आपोआप रंग सुधारणारी सोय बंद करून. काच किंवा वाकलेला पत्रा असेल तर स्कॅनरचं झाकण दाबू नका. वरून मोबाइलने, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड देऊन फोटो काढा.

नोंदीत क्रमांक, प्रकार, माप, वाद्याची पद्धत, दिसणाऱ्या बटणांची संख्या, स्टुडिओ, सालाचा अंदाज आणि तो कशावरून काढला, विक्रेता, किंमत, टपालखर्च. ‘कशावरून’ हा रकाना रिकामा सोडू नका. दोन वर्षांनी नवी खूण कळते तेव्हा तोच बघून साल दुरुस्त करता येतं. क्रमांक पाकिटातल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहा, फोटोवर नाही. वादकाचं नाव असेल तर पडताळा: विल्यम किंबरसारख्या (१८७२–१९६१) प्रसिद्ध मॉरिसवादकाचं नाव कोणत्याही मिशीवाल्या अँग्लोवाल्याला चिकटवलं जातं. वाद्यांच्या तुलनेसाठी लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातल्या कॉन्सर्टिनांची चित्रं इंटरनेटवर पाहता येतात. व्हीटस्टन कंपनीच्या उत्पादनवह्याही तिथेच आहेत, पण त्यांचा उपयोग वाद्याचा क्रमांक माहीत असेल तेव्हाच.

फोटोची प्रत तुमची झाली म्हणून छापायचा हक्क मिळत नाही. भारतात छायाचित्राचा स्वामित्वहक्क साधारणपणे छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. १९३०-४०च्या स्टुडिओ फोटोंबाबत हे तपासूनच पुस्तकात वा दिनदर्शिकेत वापरा. आणि इथे मिळालेला शंभर वर्षांहून जुना फोटो परदेशी संग्राहकाला विकायचा किंवा अदलाबदल करायचा विचार असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी खुलासा घ्या. १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. देशातल्या देशात अदलाबदल करताना दोघांच्याही नोंदवहीत जुना क्रमांक राहू द्या.